ढाबळ : पारव्याच्या घराची कथा



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर गडकोट यावेत, संत यावेत, राज्यकर्त्यांची कारस्थाने यावीत, हे रीतीला धरून आहे. त्यांच्या पंक्तीला कबुतराची ढाबळ आणून बसवायची, हे थोडे धारिष्ट्याचे काम आहे, याची आम्हांस जाणीव आहे. पण ज्या कार्ले गावच्या परिसरात आम्ही राहतो, तिथल्या डोंगरावर चढून गेले म्हणजे हा विषय आपण होऊन समोर येतो. चैत्रात एकवीरेच्या यात्रेची गर्दी ओसरली, पायऱ्यांवरची नारळ-प्रसादाची दुकाने थोडी शांत झाली, की चैत्यगृहाच्या ओसरीत उभे राहून ऐकावे. आत पायांचा आवाज नसेल तेव्हा एकच आवाज उरतो. तो पारव्यांच्या घुमण्याचा. घोड्याच्या नालेसारख्या त्या मोठ्या कमानीच्या आडोशाला हे पक्षी बसलेले असतात. आणि लेणे कोणी कोणासाठी कोरले याची त्यांना काडीमात्र फिकीर नसते.

हा विषय आम्हांला सुचला तो मात्र या रम्य घुमण्यामुळे नव्हे. सुचला तो एका रात्रीत गमावलेल्या नऊ पक्ष्यांमुळे. ती हकीकत आधी सांगितली पाहिजे, म्हणजे पुढील इतिहास आम्ही कोणत्या गरजेपोटी धुंडाळला हे आपल्या ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी परसात, पेरूच्या झाडाखाली, जुन्या अवजारांची एक लाकडी खोपी रिकामी पडली होती. मनात आले, हिची ढाबळ करावी. कोयते, फावडी, मोडके झारे बाहेर काढले, दाराला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक तारेची षट्कोनी जाळी ठोकली, आत फळ्या मारल्या, आणि लक्का व टपाली जातीच्या कबुतरांच्या पाच जोड्या आणल्या. गावचे सुतारमामा कुंपणापाशी उभे राहून हा सारा खटाटोप पाहत होते. ते म्हणाले, "मास्तर, घर पाखरांसाठी करताय ते बरं हाय, पण एकदा मांजराच्या नजरेनं बी बघून घ्या." आम्ही हसलो. ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला मोठा पाऊस झाला. त्या रात्री वाऱ्याने खोपीचा पत्रा एका कोपऱ्यात वीतभर उचलला गेला, आणि सकाळी पाहतो तो आत सात पक्षी मरून पडलेले. दोघांना उचलून नेले होते. एक लक्का मादी तेवढी वरच्या फळीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. खालच्या ओल्या मातीत उदमांजराची पावले स्पष्ट उमटली होती.

त्या मांजराला दोष देण्यात अर्थ नव्हता. मोकळ्या कड्यावरचा पारवा अंधारात निदान उडून जाऊ शकतो. आमच्या पक्ष्यांना आम्हीच दार लावून त्याच्या स्वाधीन केले होते. घर म्हणून जे दिले ते घर नव्हतेच. मग घर म्हणजे काय, ते या पक्ष्याला माणसाने केव्हापासून आणि कसे दिले, हे पाहण्याची बुद्धी झाली.

आता पक्ष्याची थोडी ओळख. शहरी चौकात दाणे टिपणारे कबुतर, शौकिनाच्या गच्चीवरचे गिरेबाज, शेपटीचा पंखा उघडणारा लक्का आणि जमिनीवर कोलांट्या खाणारा लोटन, ही सारी एकाच कुळीची लेकरे आहेत, आणि ते कूळ म्हणजे कड्याकपारीत राहणारा साधा निळा-राखी पारवा. ही गोष्ट नेटाने सिद्ध करण्याचा मान चार्ल्स डार्विनकडे जातो. १८५५ पासून त्याने आपल्या घरी कबुतरे पाळली, लंडनच्या दोन कबुतरमंडळांचा तो सभासद झाला, देशोदेशींहून कबुतरांची कातडी मागवली. त्यांत हिंदुस्थानातून वॉल्टर एलियट यांनी पाठवलेलीही होती. वेगवेगळ्या रंगांच्या जातींचा संकर करता करता नातवंडांच्या पिढीत पुन्हा तोच निळा रंग आणि पंखांवरचे ते दोन काळे पट्टे उमटतात, हे त्याने पाहिले. १८५९ च्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथाचे पहिलेच प्रकरण या कबुतरांनी भरलेले आहे. त्यात आमच्या देशच्या पारव्याचीही नोंद आहे : युरोपातल्या पारव्याची पाठ शेपटीच्या मुळाशी पांढरी असते, हिंदी पारव्याची तिथेही निळसरच असते. कार्ल्याच्या ओसरीतून पारवा उडताना पाठमोरा दिसला म्हणजे ही खूण कोणालाही पडताळून पाहता येईल.

पारवा झाडावर घरटे करीत नाही. त्याला हवा असतो कडा, कड्यात खबदाड, खबदाडात सपाट जागा, आणि डोक्यावर असे छप्पर की ज्यावरून पाऊस ओघळून बाहेरच्या बाहेर जाईल. नागफणीपासून लोहगड-विसापूरच्या कड्यांपर्यंत मावळात अशी जागा हवी तितकी. माणसाने डोंगर कोरून लेणी केली, तेव्हा त्याने पारव्याच्या दृष्टीने एक अधिक नेटका कडाच तयार केला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे गावे वसली, वाडे उठले, आणि कड्याचा हा रहिवासी वळचणीला आला. त्याला कोणी ओढून आणले नाही. माणसाची घरे त्याला आपल्या घरासारखी दिसली, एवढेच.

कार्ल्याचे लेणे हे स्वतःच आसऱ्याचे स्थान होते, हेही येथे सांगितले पाहिजे. तेथील कोरीव लेखांत या जागेचे जुने नाव वलूरक असे आले आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने वलूरकच्या लेण्यांत पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख तिथे आहे. पावसाळ्यात भटकंती थांबवून भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, यालाच वर्षावास म्हणतात. मावळचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला या दानाची थोरवी निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने आपल्या लेखात या चैत्याला 'सेलघर', म्हणजे शैलगृह, असा शब्द वापरला आहे. दगडातले घर! आणखी एका लेखात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी दरवाजाचे काम केल्याची नोंद आहे. राजे, क्षत्रप आणि शेठ यांच्या ओळीत एका सुताराचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहे, हे आम्ही आमच्या सुतारमामांना सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मंजी दाराला महत्त्व त्या काळी बी हुतं." ढाबळीच्या प्रकरणात आम्हांला मिळालेला हा दुसरा टोला.

लेण्याचे तोंड पश्चिमेकडे, म्हणजे नेमके पावसाच्या बाजूला आहे. तरी आतल्या सागवानी कमानी, ज्या कोरक्यांच्याच काळातल्या आहेत, अजून शाबूत आहेत. याचे एक कारण समोरचा दगडी पडदा आणि त्यामागची खोल ओसरी. पावसाची झड पडद्यावर आपटते, उरलीसुरली ओसरीत संपते. सदतीस खांबांच्या आतल्या दालनापर्यंत ती पोचत नाही. ही युक्ती आम्ही शंभरदा तिथे जाऊनही पाहिली नव्हती. घर जाईपर्यंत छपराकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पाळीव कबुतराचा आपल्या देशातला जुना आणि निःसंदिग्ध पुरावा कोणता, असे विचाराल तर आम्ही अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाकडे बोट दाखवू. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यास, त्याने अवध्य प्राण्यांची जी यादी कोरविली तीत पांढरा कपोत आणि 'गामकपोत' ही दोन नावे लागोपाठ येतात. गामकपोत म्हणजे गावातला पारवा. रानातला आणि गावातला असा भेद ज्या अर्थी राजाज्ञेत करावा लागला, त्या अर्थी तोवर हा पक्षी गावकरी होऊन पुष्कळ काळ लोटला असला पाहिजे.

त्याचे घर कसे होते, याची एक गोड खूण पाली जातककथांत सापडते. कपोतजातकात सांगितले आहे की वाराणसीचे लोक पुण्यकर्म म्हणून पाखरांच्या निवाऱ्यासाठी ठिकठिकाणी गवताच्या टोपल्या टांगून ठेवीत. एका शेठच्या स्वयंपाक्यानेही आपल्या मुदपाकखान्यात अशी टोपली टांगली होती आणि तीत एक पारवा राहत असे. पुढे एका लोभी कावळ्याने त्या पारव्याची मैत्री जोडली, मासळीच्या वासाने तो टोपलीत राहायला आला आणि आचाऱ्याच्या हातून त्याची व्हायची ती गत झाली. कथेचे तात्पर्य लोभाविषयी आहे, पण आम्हांला त्यात टोपलीच अधिक मोलाची वाटते. दाणे टाकणे वेगळे आणि टोपली टांगणे वेगळे. टोपली टांगणाऱ्याला ती कुठे टांगायची, मांजर पोचेल का, पाऊस लागेल का, हा विचार करावाच लागतो.

सर्वांनाच हा पक्षी प्रिय होता असे मात्र नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात घरात शिरलेल्या कपोताविषयी एक सूक्त आहे. तिथे तो निर्ऋतीचा दूत म्हणून येतो आणि त्याचे अशुभ टळावे अशी प्रार्थना केली जाते. उलट महाभारतात शिबी राजा ससाण्यापासून वाचवलेल्या कपोताच्या भारंभार आपले मांस तोलून देतो. हीच कथा बौद्धांनी आपली मानली, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ती रंगवलेली आहे. शरण आलेल्याला आसरा दिला की त्याची किंमत आसरा देणाऱ्याने मोजायची, ससाण्यालाही उपाशी ठेवायचे नाही, हा त्या कथेतला हिशेब फार चोख आहे.

संस्कृत नगरजीवनात तर पारावताला कायमची जागाच होती. कालिदासाच्या मेघाला उज्जयिनीत रात्र काढायची असते ती ज्या माडीवर पारवे झोपलेले असतात अशा माडीवर. शूद्रकाच्या मृच्छकटिकात पाचव्या अंकात एक मौजेचा प्रसंग आहे. भिंतीपलीकडून कोणी खडे मारतो. विदूषकाला वाटते, हे पारव्याचेच काम, आणि तो काठी उगारून त्याला पिकल्या आंब्यासारखा खाली पाडायला निघतो. चारुदत्त त्याला आवरतो : राहू दे बिचाऱ्याला, तो आपल्या सखीबरोबर बसला आहे. सर्वस्व गमावलेल्या चारुदत्ताच्या घरातसुद्धा पारव्यांना जागा उरलेली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अमरकोशात या जागेला कपोतपालिका असा शब्द दिला आहे आणि विटंक हा त्याचा पर्याय सांगितला आहे. एवढेच काय, शिल्पशास्त्रात देवळाच्या बाहेर आलेल्या गोलसर वळचणीला कपोत हेच नाव पडले. मराठीने मात्र आपला स्वतंत्र, रांगडा शब्द घडवला : ढाबळ. कबुतरखाना म्हटले की दरबारी थाट डोळ्यांपुढे येतो. ढाबळ म्हटले की फळ्या, विष्ठेचा उग्र वास आणि पहाटेचे घुमणे.

ढाबळ बांधावी कशी याचे सर्वांत नेमके जुने वर्णन आम्हांला मिळाले ते आपल्याकडचे नव्हे, रोमचे. वॅरो नावाच्या पंडिताने इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वयाच्या ऐंशीच्या घरात, शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात पाच पाच हजार पक्ष्यांच्या कबुतरखान्यांचे वर्णन आहे. वर घुमट, दार अरुंद, खिडक्यांना दुहेरी जाळी, प्रत्येक जोडीला स्वतंत्र गोल कोनाडा, वाहते पाणी, साफसफाई वरचेवर. आणि मुख्य म्हणजे, भिंती आतून-बाहेरून संगमरवरी चुन्याने इतक्या गुळगुळीत करायच्या की उंदराला किंवा सरड्याला पाय रोवता येऊ नये. कारण, तो म्हणतो, कबुतराइतका भित्रा जीव नाही. सुतारमामांनी जे एका वाक्यात सांगितले होते तेच वॅरोने सांगून ठेवले आहे. इजिप्तमध्ये मातीचे उंच मनोरे या पक्ष्यांसाठी बांधतात, इराणात इस्फहानभोवती सफावी काळात टोलेजंग कपोतबुरुज उभे राहिले. पण त्यांचा हेतू प्रामुख्याने खताचा. टरबुजांच्या मळ्यांना त्या विष्ठेसारखे खत नव्हते.

घराचा पाया चुकला तर काय होते, याचे इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण मोगल घराण्याच्या उंबरठ्यावरच घडले. बाबराचा बाप उमर शेख मिर्झा फरगाण्याचा राजा. त्याला कबुतरांचा शौक. अख्सीच्या किल्ल्यात त्याची ढाबळ दरीच्या अगदी कडेला होती. १४९४ च्या जूनमध्ये ती कड दरडीसारखी कोसळली आणि राजा, ढाबळ व कबुतरे एकदमच दरीत गेली. बाबर तेव्हा बाराव्या वर्षात होता. त्या पोराच्या डोक्यावर राज्य आले. आणि पुढचे पानिपत, आग्रा, हिंदुस्थानची पातशाही हे सगळे त्या एका ढासळलेल्या ढाबळीनंतरचे आहे. असा इतिहास रचण्याचे धाडस कादंबरीकारालाही झाले नसते.

नातवाने आजोबांच्या बापाचा शौक चालवला, पण शहाणपणाने. अकबर कबुतरबाजीला इश्कबाजी म्हणत असे. अबुल फझल 'आईन-ए-अकबरी'त लिहितो की दरबारी वीस हजारांवर कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे खाशी. खाशा कबुतराने किती गिरक्या घ्याव्यात आणि किती कोलांट्या माराव्यात याचेही माप होते : पंधरा चर्ख आणि सत्तर बाज्या. बादशहाचा मुक्काम हलला की कबुतरेही घरांसकट निघत. डार्विनने आपल्या ग्रंथात अकबराच्या या वीस हजारांची आठवण केली आहे. आमच्या कार्ल्याच्या निळ्या पाठीच्या पारव्याचा आणि आग्र्याच्या बादशाही लक्क्याचा असा त्या इंग्रजाच्या पानावर मिलाफ झालेला पाहून आम्हांला मोठी गंमत वाटली.

टपाली कबुतरांविषयी बोलू लागलो तर घड्याळ आमचे ऐकणार नाही. आपल्याच देशातले एक उदाहरण पुरे. ओरिसाच्या पोलिसांनी १९४६ मध्ये सैन्याकडून मिळालेल्या सुमारे २०० कबुतरांवर आपली कपोतडाक सुरू केली. तारा आणि रेडिओ जिथे पोचत नाहीत अशा कोरापुटच्या डोंगराळ मुलखात तिचा आरंभ झाला, पुरांत आणि वादळांत ती कामी आली, आणि या शतकाच्या आरंभापर्यंत ती चालू होती. ही सेवा कबुतराच्या हुशारीवर चाले असे आपण म्हणतो. खरे तर ती चाले घराच्या ओढीवर. टपाली कबुतर कोठेही नेऊन सोडा, ते निरोप पोचवायला उडत नाही, ते आपल्या ढाबळीकडे उडते. निरोप पायाला बांधलेला असतो म्हणून पोचतो. घर वाईट असेल, तिथे भीती असेल, तर ते परतणारच नाही. घराची ओढ जेवढी घट्ट, तेवढी टपाल सेवा खात्रीची.

आता आमच्या दुसऱ्या ढाबळीकडे वळतो. ती बांधायला वर्ष घेतले, आणि वाचलेली लक्का मादी तेवढे दिवस पडवीत पिंजऱ्यात राहिली. खोपीचा सांगाडा तोच ठेवला, पण ती जमिनीपासून कंबरभर उंच जोत्यावर घेतली. जोत्याला चार सिमेंटचे खांब, आणि प्रत्येक खांबाला मध्यावर उपड्या परातीसारखी पत्र्याची झालर. घूस किंवा धामण वर सरकू लागली तर तिथे अडते. पेरूची जी फांदी छपरावर आली होती ती मन घट्ट करून तोडली, कारण उदमांजर आले होते तिच्यावरूनच. खुराड्याची ती पातळ जाळी काढून टाकली. कोंबडी आत राहावी एवढ्यापुरती ती ठीक; दातांनी नि नखांनी ओढणाऱ्याला ती अडवीत नाही. तिच्या जागी अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची, सांधे जोडलेली जाड जाळी आतून व बाहेरून दुहेरी मारली, आणि खिळ्यांऐवजी पट्ट्यांखाली स्क्रूने आवळली. छपराला मंगलोरी कौले, कौलांखाली फळ्यांचे अस्तर, आणि फळ्या व भिंत यांत बोट शिरेल एवढीही फट नाही. वायुवीजनासाठी वर आढ्यालगत जाळीची पट्टी ठेवली.

तोंड पूर्वेला. पश्चिमेची भिंत बंद, आणि तिच्यापुढे हातभर अंतरावर बांबूच्या तट्ट्याचा एक पडदा. ही कार्ल्याच्या सेलघराची उसनवारी. लोणावळ्याहून कार्ल्यापर्यंत येताना पावसाचा जोर थोडा ओसरतो हे खरे, तरी आडवी झड येते तेव्हा भिंत पाझरतेच; आणि ओल ही कबुतराची मांजराहून मोठी वैरीण आहे. मांजर एका रात्रीत मारते, ओल महिनाभर घेते. दाण्याला बुरशी धरते, पक्षी पिसे फुगवून बसतो, आणि मग सकाळी एकेक कमी होतो.

आत प्रत्येक जोडीला स्वतंत्र खण, कारण नर मोठा भांडखोर. फळ्या एकाखाली एक नव्हेत, तर पायऱ्यांसारख्या, म्हणजे वरच्याची घाण खालच्यावर पडत नाही. मादी दोन अंडी घालते. अठरा दिवसांच्या आसपास ती उबतात. दिवसा मधली पाळी नराची, बाकीचा वेळ मादीचा. पिलांना दोघेही आपल्या पिशवीतले दाट दूध ओकून भरवतात, ही या पक्ष्याची अपूर्वाई. दाण्याला ज्वारी, बाजरी, मका, मूग, वाटाणा; शिवाय बारीक खडे, कारण दात नसलेल्याची जाती पोटात असते. बाहेर पडण्याच्या झरोक्याला वरून टांगलेल्या सळ्या बसवल्या. बाहेरून ढकलले की त्या आत उचलल्या जातात, आतून ढकलले की चौकटीला अडतात. संध्याकाळी परतलेला पक्षी आपण होऊन आत येतो आणि रात्री पुन्हा बाहेर पडू शकत नाही. सुतारमामांनी त्या सळ्या लावल्या तेव्हा आम्हांला धेनुकाकटाच्या सामीची आठवण झाली. आम्ही दाराच्या चौकटीवर त्यांचे नाव कोरायचे म्हटले. त्यांनी हात जोडले आणि कोरू दिले नाही.

एक सूचना मात्र हसण्यावारी नेऊ नये. ढाबळ रोज खरवडून काढायची ती नाका-तोंडाला फडके बांधून, आधी पाणी शिंपडून. सुक्या विष्ठेची आणि पिसांच्या भुकटीची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे वैद्यकाने सिद्ध केले आहे. म्हणून ढाबळ राहत्या घराच्या खिडकीखाली किंवा वाऱ्याच्या तोंडाला असू नये, आणि पक्षी जागेला झेपतील तेवढेच असावेत.

याच धुळीवरून २०२५ च्या जुलै-ऑगस्टात मुंबईत केवढे रण माजले ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. शहरातले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे सरकारने जाहीर केले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, ती ताडपत्री जमावाने फाडली. एका बाजूला भूतदयेची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा, दुसऱ्या बाजूला दम्याने घुसमटणारे शेजारी. आम्ही कबुतरांचे शौकीन. तेव्हा आमचे मत दाणे टाकणाऱ्यांच्या बाजूचे असणार असे कोणास वाटेल. ते तसे नाही. चौकात पोते उलटे करून निघून जाणाऱ्याने पक्ष्याची भूक वाढवली, संख्या वाढवली, पण त्याच्या घराची, घाणीची आणि आजाराची जबाबदारी परक्याच्या खिडकीवर टाकली. वाराणसीचा तो आचारी निदान टोपली आपल्याच मुदपाकखान्यात टांगीत होता. तसेच, कबुतर म्हणजे रोगाचे घर असे म्हणून त्याचा तिरस्कार करणाऱ्यांनाही आमचे एवढेच सांगणे आहे की त्याला कड्यावरून शहराच्या वळचणीला आणणारे छज्जे आपणच बांधले. आमचे हे मत दोन्ही पक्षांना रुचणार नाही, आणि त्यासाठी सभेनंतर जे काही ऐकून घ्यावे लागेल ते आम्ही ऐकून घेऊ.

नव्या ढाबळीत आम्ही तीन जोड्या आणल्या. मोठे पक्षी विकत आणले की त्यांची ओढ जुन्या घराकडेच असते, म्हणून त्यांना मोकळे सोडले नाही. जाळीच्या सज्जात बसून त्यांनी नुसता डोंगर पाहिला. सोडायची ती इथे जन्मलेली पिले. पहिल्या पावसाळ्यात एकही पक्षी दगावला नाही. त्या आषाढात दोन रात्री आम्ही कंदील घेऊन बाहेर गेलो होतो. एकदा खांबाच्या झालरीखाली काहीतरी खरवडत होते आणि प्रकाश पडताच पेरूच्या बुंध्यामागे गेले. वर, आत, एकही पक्षी फडफडला नाही.

दिवाळीनंतर आकाश निवळले तेव्हा चार पिले प्रथम उघड्यावर सोडली. दोन लगेच कौलांवर बसली. उरलेली दोन उंच गेली, इंद्रायणीच्या बाजूने लोहगडाकडे वळली आणि दिसेनाशी झाली. तिकडच्या कड्यांवर शाहीन ससाणा असतो, हे आम्हांला ठाऊक होते. सुतारमामा दुपारभर आमच्याबरोबर जोत्यावर बसून होते, तपकिरीची डबी उघडीत आणि मिटीत. सूर्य कलला तेव्हा त्यांतले एक आले. थेट झरोक्यावर उतरले, दोनदा मान वाकडी करून सळ्यांकडे पाहिले, आणि छातीने त्या ढकलून आत गेले. दुसरे आले ते तिसऱ्या दिवशी सकाळी, शेपटीची दोन पिसे गमावून.